एचओ स्केलच्या (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) मॉडेल मालगाडीचे डबे हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त सामानातून बदलता येतात का?

हो, आरामात. मी आधी टँकर वॅगन करायला सांगेन, कारण ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप (वायरिंगचा घ्या, हलका असतो) १:८७ ने मोजला की साधारण २.८ मीटर होतो, म्हणजे अगदी खऱ्या टाकीएवढा. टोकाला पाइपची कॅप लावू नका, ती वरून चढते आणि लगेच नळकाम दिसतं, त्यापेक्षा आत पुठ्ठा अडकवून वर एम-सील थापा आणि ओल्या बोटाने घुमटासारखा गोल करा. वर चालायच्या पट्टीला खिडकीची मच्छर जाळी, आणि हँडरेलला जुन्या वायरमधली तांब्याची एक तार.

वजनाचं मात्र बघाच, हलका डबा वळणावर हमखास पडतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा हिशोब धरला तर ६ इंची डब्याचं एकूण वजन ११३ ग्रॅमच्या आसपास हवं, त्यामुळे कमी पडेल तेवढे वॉशर आत चिकटवा, पण तळाला, वर चिकटवले तर डबा डुलत राहतो.

रंगाला रेड ऑक्साइड प्रायमर भारी, आपल्या मालडब्यांचा तो तपकिरी लाल सहज जमतो. फक्त एनसी थिनर प्लॅस्टिकला लावू नका, माझ्या एका डब्याची भिंत च्युइंगगमसारखी झाली होती 😅 टर्पेंटाइन वापरा, तेही आधी डब्याच्या खालच्या बाजूला लावून बघा. आणि फेविक्विक खिडकीच्या काचेजवळ नको, वाफेने पांढरा डाग पडतो.