वाचक विचारतात : शनिवार सकाळचा 'स्कूबी-डू'

'स्कूबी-डू' या कार्टून मालिकेतली भुतं शेवटी नेहमी खोटीच का निघतात? आणि ही मालिका अमेरिकेत शनिवारी सकाळीच का लागायची? – एक वाचक, सांगली

दोन्हींचं मूळ एकच. शनिवारी सकाळी मोठी माणसं टीव्हीसमोर फारशी नसत, म्हणून ती वेळ स्वस्त होती. शिवाय खेळणी आणि न्याहारीची कॉर्नफ्लेक्ससारखी सीरिअल्स विकणाऱ्यांना नेमकी मुलंच गाठायची होती. १९६६पासून सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी ही वेळ सुपरहिरोंच्या कार्टूननी भरून टाकली. त्यातल्या हाणामारीवर पालक संतापले. १९६८मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन इथे पेगी चॅरन आणि इतर आयांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' ही संघटना उभी केली.

ठोसे नसलेलं काहीतरी हवं होतं. हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या जो रूबी आणि केन स्पीअर्स यांनी चार तरुण मुलं, एक कुत्रा आणि एक रहस्य अशी जुळणी केली. पण पहिला आराखडा सीबीएसच्या वरिष्ठांना लहानग्यांसाठी फारच भीतिदायक वाटला आणि परत आला. मग त्या चौघांतला भित्रा शॅगी आणि त्याहून भित्रा कुत्रा स्कूबी यांना पुढे आणून विनोद वाढवला. भुताचा मुखवटा ओढला की आत जमिनीवर किंवा खजिन्यावर डोळा ठेवलेला कुणी लबाड निघायचा, त्यामुळे घाबरलेल्या मुलालाही शेवटी धीर यायचा. पहिला भाग १३ सप्टेंबर १९६९ला लागला.

कुत्र्याचं चित्र इवाओ ताकामोतो यांचं. ग्रेट डेन जातीच्या उमद्या कुत्र्याची लक्षणं त्यांनी जाणकाराकडून समजून घेतली आणि मुद्दाम उलटं काढलं : पाठीला पोक, पाय फेंगडे, हनुवटी इवलीशी. स्कूबी बघताक्षणी आवडतो तो त्यामुळेच, असं आमचं ठाम मत आहे.

कार्टूनमधली पात्रं धावताना मागे तोच दरवाजा, तीच खिडकी परत परत येते. हे कसं करतात? उन्हाळी सुट्टीत मुलांकडून करून घ्यायचंय. – एक शिक्षिका, चिपळूण

जरूर करून घ्या. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम (एकामागून एक दिसणारे स्थिर फोटो), म्हणजे २२ मिनिटांच्या भागाला ३१,६८० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी १५,८४० चित्रं होतात, आणि ती दर आठवड्याला नव्यानं काढणं टीव्हीच्या पैशात शक्यच नव्हतं. म्हणून हलेल तेवढंच नवं काढायचं, बाकी सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर, तसंच ठेवायचं. योगी बेअर या कार्टून अस्वलाच्या गळ्यातली कॉलर हा त्यातलाच डाव : सांधा कॉलरखाली झाकला की धड तेच ठेवून फक्त डोकं बदलता येतं.

घरी सेलऐवजी ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक) शीट घ्या. रेघ पुढच्या बाजूला मार्करनं आणि रंग मागच्या बाजूला अ‍ॅक्रिलिकनं, म्हणजे रेघ झाकली जात नाही. सगळ्या शीटना एकाच पंचनं दोन भोकं पाडा आणि त्यांत घट्ट बसतील असे दोन खुंट फळीवर पक्के चिकटवा. खुंट ढिले असले की चित्र थरथरतं.

दोन पावलांच्या चालीची आठ चित्रं काढा. पात्र जागच्या जागी चालतं, फक्त जमिनीवर टेकलेला पाय प्रत्येक चित्रात ५ मिमी मागे सरकतो. कॅमेऱ्यात २० सेंमी रुंदी दिसत असेल तर मागच्या दृश्याची ६० सेंमीची पट्टी रंगवा. तिचे शेवटचे २० सेंमी पहिल्या २० सेंमींची हुबेहूब नक्कल हवेत. दर चित्राला पट्टी ५ मिमी मागे ओढा. ८० वेळा ओढली की ४० सेंमी होतात आणि चालीची दहा आवर्तनं पुरी होतात. मग पट्टी पुन्हा आरंभी. सेकंदाला १२ चित्रांच्या वेगानं ही फेरी पावणेसात सेकंदांच्या आसपास जाते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पट्टीचा वेग आणि पायाचा वेग जुळला नाही तर पात्र बर्फावर घसरल्यासारखं दिसतं. ४० सेंमीवर आणि शून्यावर असे दोन्ही फोटो घेतले तर मधेच झटका बसतो, कारण ते चित्र एकच आहे; त्यातला एकच घ्या. आणि तिसरं म्हणजे शीटचा प्रत्येक थर खालचा रंग किंचित मळका करतो. मधेच एक शीट काढली की रंग उडी मारतो, म्हणून तिच्या जागी कोरी शीट ठेवा. स्टुडिओतही हेच करत, शिवाय खालच्या थरासाठी रंगाची वेगळी छटा मिसळत. फोनचा एक्स्पोजर आणि फोकस लॉक करायला विसरू नका.

'स्कूबी-डू'चा पहिला आणि दुसरा सीझन वेगळा कसा ओळखायचा? – एक वाचक, पणजी

पाठलागाकडे कान द्या. मागे गाणं वाजत असेल तर बहुधा दुसरा सीझन. ती गाणी ऑस्टिन रॉबर्ट्स यांच्या आवाजातली. पहिल्यात १७ भाग, दुसऱ्यात ८.

मग शनिवारची कार्टून बंद का पडली? – एक वाचक, नाशिक

केबलवर कार्टून चोवीस तास मिळू लागली. आपल्याकडेही कार्टून नेटवर्क १९९५मध्ये आलं आणि वाराचा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानं मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर मर्यादा आली, १९९६च्या नियमानं आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांची अपेक्षा ठेवली. एनबीसी या वाहिनीनं १९९२मध्येच कार्टून सोडून बातम्यांचा कार्यक्रम आणला होता. सीडब्ल्यू वाहिनीनं सप्टेंबर २०१४मध्ये आपला शनिवारचा कार्टूनपट्टा थांबवला.