आईचं माहेर आणि चार दिवसांची सहल

प्रश्न: ताई, डिसेंबरात चार दिवस मोकळे आहेत. गाडी स्वतःची. मी, पत्नी, आठवीतली मुलगी आणि ७२ वर्षांची आई. आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं; भूकंपानंतर ती तिकडे फिरकलेली नाही. अजिंठा-वेरूळ पाहून झालंय, आता गावाकडचा मराठवाडा बघायचा आहे. यादी अशी: पैठण, अंबाजोगाई, परळी, औंढा, नांदेड, कंधार, माहूर, उदगीर, औसा, खरोसा, नळदुर्ग, तुळजापूर. क्रम कसा लावू? रस्ते, जेवण यांचं काय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: आधी यादी कमी करू या. पैठण एका टोकाला, माहूर थेट विदर्भाच्या शिवेवर. दोन्ही एका फेरीत धरलीत तर चार दिवस गाडीतच जातील आणि आईंची कंबर धरेल. नांदेड, औंढा, परळी, अंबाजोगाई ही वेगळी सहल आहे. (अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी (लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ) यांनाच एक दिवस हवा.) कंधार आणि उदगीरही त्याच सहलीत घाला. या वेळी फक्त दक्षिणेचा कोपरा घ्या: तेर, औसा, खरोसा, किल्लारी, नळदुर्ग. लातूरला दोन मुक्काम केलेत की सगळं आवाक्यात येतं.

तेर तुमच्या यादीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. तेरच्या परिसरातल्या शाळेत मी अकरा वर्षं इतिहास शिकवला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या नोंदीत या गावाचं नाव ‘तगर’ असं येतं. इथलं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं. गावाशेजारच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पहिला मोठा पाऊस पडून गेला की माती धुऊन जुने मणी वर यायचे. पोरं ते मुठीत धरून वर्गात आणायची आणि मी त्यांना घेऊन संग्रहालयात जायची. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून ते संग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती मुलीला नक्की दाखवा. तशीच एक मूर्ती इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली आहे. आठवीतल्या मुलीला तेरची तेरणा नदी आणि रोम यांतलं नातं सांगायला याहून चांगली वस्तू नाही. संग्रहालय सरकारी आहे, तेव्हा सोमवार आणि सणाची सुट्टी टाळूनच दिवस ठरवा.

तिथून चालत त्रिविक्रमाच्या देवळात जा. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलावलेलं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. विटांना हात लावून बघा. मग नदीकाठी गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, समाधी. आईंना तिथे निवांत टेकू द्या. तुम्हाला घाई असली तरी त्यांना उठवू नका.

चिंचवडहून पहाटे पाचला निघा. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून बार्शी, येडशी, तेर. दुपारपर्यंत पोहोचाल.

रस्त्यांबद्दल दोनच गोष्टी सांगते, पण त्या पाळाच. मोठे रस्ते आता चांगले आहेत. मात्र डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि कित्येकदा मागे लाल दिवा नाही. अंधारात त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला या. दुसरं, गाडी डांबरावरून खाली उतरवण्याआधी माती बघा. एका ऑक्टोबरात खरोशाच्या अलीकडे मी फोटोसाठी गाडी बाजूला घेतली आणि मागचं चाक काळ्या मातीत बसलं. शेतातल्या दोघा भावांनी वाळक्या तुराट्या चाकाखाली घालून ती काढून दिली आणि वर चहाही पाजला. डिसेंबरात माती वाळलेली असते, पण शेतात पाणी सोडलेलं असेल तर तिची खात्री नाही.

आता जेवण. तारखा पुढे-मागे करता येत असतील तर पंचांगात मार्गशीर्ष अमावास्या बघा. लातूर-धाराशिवकडे ती वेळा अमावास्या, आमची येळवस. त्या दिवशी शहरं ओस पडतात, अख्खं घर डब्यांसकट शेतावर जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपी) करून आत पांडव मांडतात, त्यांची पूजा होते. नंतर भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. ही भज्जी म्हणजे तुमच्याकडची कांदाभजी नव्हे. हिरवे वाटाणे, हरभरा, तूर, पालेभाज्या एकत्र घोटून केलेली पातळ भाजी. मडक्यातली आंबील मी अजूनही दोन पेले तरी पिते. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायची आमच्याकडे रीत आहे. मात्र खाणावळी त्या दिवशी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. एरवीच्या दिवशी औसा-तुळजापूर रस्त्यावर उजनीत थांबून बासुंदी खा.

औशाचा किल्ला सपाटीवरचा आहे, आईंना झेपेल. खरोशाची लेणी जांभ्या दगडात आहेत, त्यामुळे मूर्ती झिजल्या आहेत; वेरूळशी तुलना करत बघू नका. नळदुर्गचा पाणीमहाल मात्र डोळे भरून बघा. बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधलाय, इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. नदीला पूर आला की महालावरून पाणी कोसळतं, पण त्यासाठी पावसाळ्यात यावं लागतं. डिसेंबरात धबधबा दिसेल अशी आशा मुलीला लावू नका. आत उतरायच्या पायऱ्यांवर आईंचा हात धरा. तुळजापूर परतीच्या वाटेवर घ्या. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा.

किल्लारी मी मुद्दाम शेवटी ठेवली. खरोशाहून लामजना पाटीवरून ती जवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत सगळं झालं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मणामणाचं ओझं. झोपेतच माणसं गेली. मी तेव्हा औशात होते. घराबाहेर पडल्यावर अंधारात आधी कुत्र्यांचा आवाज आला, माणसांचा नंतर. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. नवी गावं सरळ, रुंद रस्त्यांची आहेत. जुनी शेजारीण मात्र चार गल्ल्या लांब गेली.

म्हणून निघण्याआधी आईंना एकटीला विचारा: जुनं गाव बघायचंय, नवं, की कोणतंच नाही? नाही म्हणाल्या तर गाडी सरळ उमरग्याकडे घ्या. हो म्हणाल्या तर आधी नव्या गावात जा आणि पारावर बसा. कुणीतरी बाई येऊन विचारेलच, ‘कुणाची लेक गं तू?’ आईंनी वडिलांचं नाव सांगितलं की पुढचं तुम्हाला काही करावं लागणार नाही. अर्धा दिवस मोकळा ठेवा, खरोसा राहिलं तरी चालेल. जुन्या गावठाणात गेलात तर आईंना पुढे चालू द्या, फोटो नंतर काढा. तिथे बाभळीचे काटे फार आहेत. त्यांना चपलेऐवजी बूट घालायला सांगा.