जपानी व्याकरण इंग्रजी पुस्तकांतून शिकतोय, पण डोक्यात बसत नाही. सुरुवात कशी करू?

आधी इंग्रजी बाजूला ठेवा. मराठीतून बघितलंत तर अर्धं व्याकरण तुम्हाला येतंच आहे.

'बासु दे इकिमास' म्हणजे 'बसने जातो'. 'तोक्यो नि इकिमास', 'टोकियोला जातो'. क्रियापद शेवटी, आणि 'दे', 'नि' हे आपल्या 'ने', 'ला' सारखे नामाच्या मागे लागतात. मात्र 'दे'चा अर्थ जागेनुसार बदलतो: 'उची दे ताबेमास' म्हणजे 'घरी जेवतो'. म्हणून प्रत्यय सुटे पाठ करू नका, अख्खं वाक्य पाठ करा. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा. 'इकिमास का?', 'जाता का?' अगदी तस्संच!

मला सगळ्यात आवडतं ते क्रियापदाचं 'ते' रूप. 'ताबेते मिमास'चा शब्दशः अर्थ 'खाऊन बघतो'. 'मिमास'चं मूळ रूप 'मिरु', म्हणजे बघणे, आणि प्रयत्न करून पाहणे या अर्थाने तो आपल्यासारखाच वापरतात. इंग्रजीतून हे समजावायला परिच्छेद लागतो. हे रूप पक्कं करायला महिना गेला तरी चालेल, पुढचं बरंच व्याकरण त्यावरच उभं आहे.

लिंग नाही, बहुवचनाची कटकट जवळपास नाही. अडखळाल ते दोन ठिकाणी. विशेषणालाही भूतकाळ असतो: 'ताकाइ' (महाग) चं 'ताकाकात्ता' (महाग होतं). आणि 'वा' (वाक्य कशाबद्दल आहे ते दाखवणारा प्रत्यय) व 'गा' (कर्ता दाखवणारा) यांतला फरक. तो नियमांनी कळत नाही, भरपूर ऐकून हळूहळू कानात बसतो.

हिरागाना (जपानीची मूलभूत अक्षरं) मात्र पहिल्या दोन आठवड्यांतच शिका. रोमन लिपीत अडकू नका.