सिस्टर व्हायचंय, पण कुठल्या वाटेने?

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगच्या प्रवेशाविषयी पत्रं येऊ लागतात. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला एकूण ५८ टक्के आहेत. भौतिकशास्त्र ३९, रसायनशास्त्र ४०, जीवशास्त्र ५२. आम्ही खुल्या प्रवर्गात येतो. बी.एस्सी. नर्सिंगला ४५ टक्के लागतात असं ऐकलं होतं, पण सायबर कॅफेवाला म्हणतो ती पात्रच नाही. सरळ जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, घालू का?
– एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : कॅफेवाला बरोबर सांगतोय. ते ४५ टक्के एकूण गुणांचे नसतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांचे मिळून ३०० पैकी किमान १३५ गुण लागतात. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२० पुरतात. शिवाय इंग्रजीत वेगळं पास असावं लागतं. तुमच्या मुलीचे तिन्ही विषयांचे मिळून १३१ होतात. चार गुण कमी पडले. ५८ टक्के भाषा आणि इतर विषयांनी वर नेले आहेत. ही गफलत दर वर्षी कितीतरी घरांत होते, म्हणून फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका समोर घेऊन या तीन विषयांची बेरीज स्वतः करावी.

आता दोन वाटा उरतात. एक, श्रेणीसुधारसाठी पुन्हा परीक्षेला बसणं, सोबत पुढच्या वर्षीची नर्सिंग सीईटी देणं आणि मग चार वर्षांची बी.एस्सी. दुसरी, आत्ता तीन वर्षांची जीएनएम आणि तिच्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन्हीकडे पदवी हाती यायला पाचच वर्षं लागतात. फरक मधल्या टप्प्यात आहे. जीएनएम झालेली मुलगी तिसऱ्या वर्षाअखेर राज्याच्या परिचर्या (नर्सिंग) परिषदेत नाव नोंदवून पगारावर लागू शकते. पण पोस्ट बेसिकच्या जागा बी.एस्सी.पेक्षा बऱ्याच कमी आहेत, आणि एकदा पगार सुरू झाला की दोन वर्षं नोकरी सोडून शिकायला जाणं घरातल्या सगळ्यांनाच जड जातं. म्हणून ‘नंतर करू’ म्हटलेली पदवी बऱ्याच जणींची राहून जाते.

आमचं मत विचाराल तर, चारच गुण कमी असताना आणि घरची एका वर्षाची तयारी असेल तर पहिली वाट धरा. बी.एस्सी. झाल्यावर नोंदणी करून एक वर्ष काम केलं आणि पदवीला ५५ टक्के असले, की एम.एस्सी. नर्सिंगला अर्ज करता येतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेलाही, म्हणजे नॉरसेटला, बी.एस्सी.वाल्यांकडे अनुभव मागत नाहीत. जीएनएमवाल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पण तीन वर्षांत घरात दुसरा पगार यायलाच हवा अशी स्थिती असेल, तर जीएनएम निवडताना मनात किंतु नको. सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदाला दोन्ही पात्रता चालतात आणि वॉर्डात काम एकच असतं.

एक व्यावहारिक गोष्ट. राज्यातले बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीवर होतात. पेपर १०० गुणांचा असतो : भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २०. या परीक्षेचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या आधीच निघतात आणि बंदही होतात. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, तसंच लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, हे कागद दिवाळीपासूनच गोळा करायला घ्या. जातवैधतेला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

प्रश्न : मी बारावी आर्ट्स, ५१ टक्के, मुलगा. मला नर्सिंग करता येईल का? एका ठिकाणी ‘मुलांना एएनएम देऊ’ म्हणाले.
– एक विद्यार्थी, नांदेड जिल्हा

उत्तर : करता येईल. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. वय १७ ते ३५. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, मात्र फक्त मुलींसाठीच आहे. तिथे मुलाला प्रवेश देऊ म्हणणाऱ्यांकडे एक रुपयाही भरू नका. आर्ट्सच्या मुलांना पहिल्या वर्षाची शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र जड जातं, कारण सगळी परिभाषा नवी असते. प्रवेश आणि वर्ग सुरू होणं यांत जे आठवडे मिळतात, त्यांत अकरावीच्या जीवशास्त्रातले मानवी शरीरावरचे धडे वाचून काढा. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात हेही आधीच माहीत असू द्या. खासगी रुग्णालयांत ओटी, आयसीयू आणि डायलिसिस विभागांत ब्रदरना चांगली मागणी असते.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एका संस्थेत एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा आहे. फी कमी, नोकरीची हमी. घ्यावा का?
– तिघी वाचक, वेगवेगळ्या गावांहून

उत्तर : नर्स म्हणून काम करायचं असेल तर घेऊ नका. नाव कितीही भारदस्त असो, परिषदेत नोंदणी होणारा एक वर्षाचा नर्सिंग अभ्यासक्रम बारावीनंतर नाही. सर्वांत लहान एएनएम, तोही इंटर्नशिपसह दोन वर्षांचा. ‘पेशंट केअर’, ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हे सहायकाचे अभ्यासक्रम आहेत. ते काम सन्मानाचंच आहे, पण त्यातून अधिपरिचारिकेच्या पदापर्यंत वाट जात नाही. पुढे जीएनएम करायचं ठरवलं तर तो काळ धरला जात नाही, शिक्षण पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं. नोकरीची हमी असते ती छोट्या नर्सिंग होममध्ये तुटपुंज्या पगारावर राबण्याची. वर काही चूक घडली तर नोंदणी नसलेल्या मुलीच्या बाजूने कोणी उभं राहत नाही.

ओळखायचं कसं? परीक्षा कोण घेतं ते विचारा. महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पास झाल्यावर नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेत लागतं. ‘आमची स्वतःची परीक्षा’ किंवा ‘दिल्लीचं बोर्ड’ असं उत्तर आलं की तिथून उठावं.

प्रश्न : दोन मान्यताप्राप्त महाविद्यालयं समोर आहेत. निवड कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : इमारत नको, रुग्णालय बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत बी.एस्सी. महाविद्यालयाला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं, आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण. कागदावर १०० खाटा सगळीकडे असतात. तुम्ही साध्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, न सांगता वॉर्डातून चालत जा. अर्ध्या खाटा रिकाम्या असतील तर सलाइन लावायला, ड्रेसिंग करायला हात बसणार कुठे? महिन्याला किती प्रसूती होतात हे लेबर रूमच्या सिस्टरना विचारा. प्रसूती कमी असल्या की मुलींची केसबुकं एकमेकींची बघून भरली जातात. मग पहिल्या नोकरीत रात्रपाळीला एकटीवर बाळंतपण येतं तेव्हा हात थरथरतात, आणि त्याची किंमत आई आणि बाळ मोजतात. आम्हाला या मुद्द्याची सर्वांत जास्त काळजी वाटते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोला. ‘वॉर्डात मॅडम सोबत येतात का?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा नियम आहे.

फी विचारताना शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा कागदावर मागा. त्याबाहेर वसतिगृह, मेस, गणवेश आणि बाहेरच्या पोस्टिंगचा खर्च येतो. मनोरुग्ण परिचर्येसाठी अनेक महाविद्यालयांच्या मुलींना काही आठवडे ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावं लागतं. तिथला राहण्याचा खर्च कोणाकडे, हे आधीच स्पष्ट करून घ्या. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. तुमचा अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्यात बसतं का हे प्रवेशाआधी विचारा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हा लाभ हातचा जातो.

आणि हजेरी. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते. पण पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातली हजेरी १०० टक्के भरून काढावीच लागते. सीमेपलीकडच्या राज्यात ‘हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारे एजंट फिरतात. तिथे शिकलात तर पहिली नोंदणी त्याच राज्याच्या परिषदेत होते आणि तिथून ना-हरकत आणल्यावरच महाराष्ट्रात नाव लागतं. न शिकता आणलेल्या प्रमाणपत्राचं पितळ पुष्कळदा याच टप्प्यावर उघडं पडतं.

प्रश्न : मी उपकेंद्रात कंत्राटी आरोग्य सेविका आहे, एएनएम, वय ३६. पत्राद्वारे जीएनएम होते का?
– एक सेविका, पालघर जिल्हा

उत्तर : होत नाही. जीएनएम पूर्णवेळच आहे, तीन वर्षं, वॉर्डातल्या ड्युटीसह. मात्र वयाची चिंता सोडा. ३५ ची मर्यादा नोंदणीकृत एएनएमना लागू नाही. नोंदणीचं नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. अनुभवाची पत्रं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याची घ्या आणि त्यांत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असू द्या.

प्रश्न : लष्कराच्या नर्सिंगला वेगळं काय लागतं?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नीट द्यावी लागते, राज्याची सीईटी इथे चालत नाही. चार वर्षांची बी.एस्सी., अविवाहित मुलींसाठी. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह बारावी पहिल्याच प्रयत्नात, किमान ५० टक्क्यांनी पास हवी. देशभरात २२० जागा, त्यांतल्या ४० पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आणि ४० मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात. शिक्षण आणि राहणं मोफत असतं, त्याबदल्यात सेवेचा करार करावा लागतो. तो घरच्यांसोबत बसून वाचा.

प्रश्न : पुढे जर्मनीला जायचं आहे. जीएनएम चालेल की बी.एस्सी.च हवी?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्हींवर अर्ज करता येतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. खरी कसोटी भाषेची. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी जर्मनची साधारण बी-२ पातळी (सहा पातळ्यांतली चौथी) लागते. नोकरी सांभाळून तिथवर पोचायला वर्षाहून जास्त लागतं, म्हणून शेवटच्या वर्षातच भाषा सुरू करा. तिथलं मान्यता देणारं कार्यालय तुमचे विषय आणि तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं. जे कमी पडेल ते तिथे शिकून किंवा परीक्षा देऊन भरून काढावं लागतं. त्यामुळे पास होतानाच विषयवार वर्गातले तास आणि विभागवार वॉर्डातले तास नमूद केलेलं पत्रक महाविद्यालयाकडून सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. पाच वर्षांनी मागायला गेलात की प्राचार्य बदललेले असतात आणि जुनी रजिस्टरं सापडत नाहीत.