आजारपणात मधुमेह-थायरॉइडच्या गोळ्यांचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसली: संप्रेरकांचा जुना आजार आहे, त्याची औषधं चालू आहेत आणि मध्येच ताप, जुलाब किंवा नायटा उपटला. जुनं औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, नव्या औषधाशी त्याचं जमेल का, हे बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. खाली दिलेल्या मात्रा प्रौढांच्या आहेत, लहान मुलांच्या वेगळ्या असतात.

प्रश्न : मला टाइप २ मधुमेह आहे. जुलाब झाल्यावर डॉक्टरांनी ओआरएस सांगितलं. पाकिटावर ग्लुकोज लिहिलेलं पाहून मी ते टाळलं आणि नुसतं मीठ-पाणी प्यायले. चाललं असतं ना?

नाही. ओआरएसमधलं ग्लुकोज चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसतं. ते काढलं, तर मीठही आतड्यात नीट शोषलं जात नाही.

आतड्याच्या अस्तरातल्या प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचं दोन थरांचं पटल असतं. सोडियमच्या कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते या मेदातून पार होत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात वाहक प्रथिनं बसवलेली असतात. त्यांपैकी एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू असे मिळूनच आत घेतं. त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली आणि ओआरएस तिच्यावरच उभं आहे.

जुलाबात काय बिघडतं, ते कॉलऱ्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. जंतू पेशी मारत नाही, तो विष सोडतो. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साचतं, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. हे विष पेशीत शिरून पटलाच्या आतल्या बाजूचं जी-प्रथिन (निरोप पुढे पोचवणारा खटका) चालू स्थितीत अडकवून ठेवतं. मग सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू भरमसाट तयार होतो, क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि पाणी बाहेर वाहू लागतं. अ‍ॅड्रिनलिन आणि ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारं) ही संप्रेरकंही पेशीला निरोप देतात ते याच रेणूमार्फत. अर्ल सदरलंड यांना १९७१ चं नोबेल मिळालं ते त्याच कामासाठी. म्हणजे जंतू संप्रेरकांचीच यंत्रणा पळवतो. सायक्लिक एएमपी वाढलं की नुसतं मीठ शोषण्याचा नेहमीचा रस्ता बंद पडतो, पण एसजीएलटी-१ शाबूत राहतं. म्हणून नुसतं मीठ-पाणी वाया जातं आणि ग्लुकोज घातलेलं लागू पडतं.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. दिवसभरात तीन लिटर प्यायलात तरी ग्लुकोज जेमतेम ४० ग्रॅम होतं. साखर दर चार तासांनी तपासा, पण ओआरएस सोडू नका. पाण्याअभावी मूत्रपिंड बिघडण्याचा धोका त्या साखरेपेक्षा मोठा आहे.

चुका होतात त्या बहुधा कालवताना. लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं, तर द्रावण इतकं दाट होतं की ते आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. शीतपेय किंवा गोड रसाचं तेच होतं: साखर फार, सोडियम नगण्य. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. कालवलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने सुरू करा.

प्रश्न : मी मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेतो. तापात ते बंद ठेवा, असं फार्मासिस्ट म्हणाले. साखर तर १८० च्या आसपास आहे, मग का बंद करायचं?

त्यांनी योग्य तेच सांगितलं. याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिनलाही हेच लागू आहे.

वर एसजीएलटी-१ चा उल्लेख आला, त्याचं भावंड एसजीएलटी-२ मूत्रपिंडात असतं. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक सगळं हे प्रथिन रक्तात परत घेतं. तुमची गोळी ते प्रथिन बंद करते, म्हणून साखर लघवीवाटे जाते. (जननेंद्रियाला खाज आणि बुरशीचा संसर्ग या गोळीवर वारंवार होतो, तोही त्या साखरेमुळेच.) तापात खाणं कमी होतं, पण लघवीतून साखर जातच राहते. शरीरातलं इन्सुलिन उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं आणि चरबी जळून रक्तात कीटोन आम्लं साचतात. साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. या अवस्थेचा खरा धोका तोच आहे: ग्लुकोमीटर १८० दाखवतो, घरचे निर्धास्त राहतात आणि तोवर रक्त आम्लधर्मी झालेलं असतं.

तेव्हा ताप, उलट्या, जुलाब किंवा जेवण सुटणं, यांपैकी काहीही झालं की गोळी त्याच दिवशी थांबवा. मळमळ, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास किंवा गुंगी आली, तर साखर कितीही असो, रक्तातले कीटोन तपासा. लिटरला १.५ मिलिमोलच्या वर आकडा गेला तर डॉक्टरांना कळवा. ३ च्या वर असेल तर थेट रुग्णालय गाठा. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. ती मुख्य कीटोन म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजतच नाही. तपासणीची सोय नसेल आणि लक्षणं असतील, तरीही रुग्णालयातच जा. पूर्ववत जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस गेले, की गोळी पुन्हा चालू करा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ती किमान तीन दिवस बंद असावी लागते, हे सर्जनना आठवणीने सांगा.

अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात. इन्सुलिनचं मात्र उलट आहे. टाइप १ च्या रुग्णाने खाणं बंद असलं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही.

प्रश्न : मांडीवरच्या नायट्यासाठी अँटिबायोटिक घेतलं, उपयोग झाला नाही. ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतो. आता इट्राकोनाझोल लिहून दिलं आहे. मी दम्यासाठी बुडेसोनाइडचा इनहेलर घेते.

या पत्रातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, पण आधी बाकीचं.

नायटा बुरशीमुळे होतो. पेनिसिलिन जिवाणूच्या भित्तिकेवर घाव घालतं, आणि तशी भित्तिका बुरशीला नसते. बुरशीची पेशी पुष्कळशी आपल्या पेशीसारखी आहे. म्हणूनच तिला मारून आपल्याला वाचवणारी औषधं मोजकीच आहेत. एक मोठा फरक पटलात सापडतो: आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन अर्गोस्टेरॉल बनवण्याची सुरुवातीची एक पायरी रोखतं, इट्राकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल पुढची. पटल कच्चं पडतं आणि बुरशीची वाढ थांबते.

तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का, ते आज बघा. ही स्टेरॉइडं आहेत. ती खाज आणि लाली दोन दिवसांत दाबतात, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतात, त्यामुळे आत बुरशी मोकळी सुटते. नायट्याची ठसठशीत कडा पुसली जाते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड होतं. असं मिश्रण बंद करा. नुसतं बुरशीनाशक मलम डागाच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे लावत राहा.

आता इनहेलर. इट्राकोनाझोल बुरशीतल्या ज्या एन्झाइमला रोखतं, ते सायटोक्रोम पी-४५० कुळातलं आहे. आपल्या यकृतातलं सीवायपी-३ए४ त्याच कुळातलं, आणि हे औषध त्यालाही जखडतं. बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन या इनहेलरमधल्या स्टेरॉइडांचा निचरा हेच एन्झाइम करतं. निचरा थांबला की फुप्फुसापुरतं दिलेलं स्टेरॉइड रक्तात साचतं. काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, आणि तुमच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी) स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं सोडून देतात. पुढे इट्राकोनाझोल थांबलं, की वाढलेलं स्टेरॉइड उतरतं पण ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नसतात. थकवा, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर ही त्याची लक्षणं. म्हणून डॉक्टरांना विचारा: टर्बिनाफिन चालेल का, किंवा इनहेलर बेक्लोमेथासोनचा करता येईल का? दम्याचा इनहेलर परस्पर बंद करू नका.

इट्राकोनाझोल घ्यायचंच ठरलं, तर साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्या. तिला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, त्यामुळे आम्लपित्ताच्या गोळीसोबत ती वाया जाते. हृदय कमजोर असलेल्यांनी आणि कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी हे औषध घेऊ नये.

याच कुळातलं केटोकोनाझोल तर अधिवृक्क ग्रंथीतली कॉर्टिसोल बनवणारी एन्झाइमंच रोखतं. यकृताला होणाऱ्या इजेमुळे २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने बुरशीसाठी त्याच्या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली. आता त्याचा तोच दुष्परिणाम कुशिंग आजारात, म्हणजे कॉर्टिसोल फाजील वाढलेलं असताना, उपचार म्हणून वापरतात.

प्रश्न : वडिलांना अ‍ॅडिसनचा आजार आहे. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मि.ग्रॅ. घेतात. ताप आला तर काय करायचं? आता क्षयाची औषधंही सुरू होणार आहेत.

निरोगी माणसाच्या अधिवृक्क ग्रंथी तापात आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडतात. अ‍ॅडिसनच्या आजारात या ग्रंथी निकामी झालेल्या असतात, म्हणून वडिलांच्या सोडू शकत नाहीत. ते काम हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसोलच्याच, गोळीने करायचं. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला की प्रत्येक मात्रा दुप्पट करा: २०, १०, १०. बरं वाटेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस, तशीच ठेवा आणि मग सरळ नेहमीच्या मात्रेवर या. इतक्या थोड्या दिवसांच्या वाढीव स्टेरॉइडने नुकसान होत नाही. ते न वाढवल्याने जीव जाऊ शकतो.

गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्या. तीही पडली तर वाट पाहू नका. हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. मांडीच्या स्नायूत टोचा आणि रुग्णालयात न्या. तिथे शिरेतून सलाइन आणि पुढच्या २४ तासांत सुमारे २०० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन लागतं. इंजेक्शनची कुपी, सिरिंज आणि ‘स्टेरॉइडवर अवलंबून’ असं लिहिलेलं कार्ड घरात असायलाच हवं. कुपीतली भुकटी पातळ करून टोचायची कशी, हे घरातल्या दोघांनी आधीच शिकून घ्या.

क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि त्याचं काम इट्राकोनाझोलच्या बरोबर उलट चालतं. ते सीवायपी-३ए४ वाढवतं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप नसतानाही गळाठा आणि चक्कर आली, तर ती क्षयाची अशक्तता समजून सोडू नका. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवण्याबद्दल रिफाम्पिसिन सुरू होण्याआधीच बोलून घ्या. क्षयाचे जंतू अधिवृक्क ग्रंथी खाऊन टाकू शकतात, म्हणजे मूळ आजारही कदाचित त्याचाच असेल. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या काही रुग्णांत कारण तेच होतं.

प्रश्न : थायरॉइड जास्त असल्याने कार्बिमाझोल सुरू करून पाच आठवडे झाले. घसा दुखतोय, ताप आहे. सर्दीची गोळी घेऊ का?

आधी कार्बिमाझोल थांबवा आणि आजच, उद्या नव्हे, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशींतल्या, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीशा होतात. हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत आणि अचानक घडतं, त्यामुळे गेल्या आठवड्यातला चांगला रिपोर्ट कामाचा नाही. न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असतील तर तातडीने भरती व्हावं लागतं. मग कार्बिमाझोल आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही, त्याच कामाचं प्रोपिलथायोयुरासिलही नाही. आकडे ठीक आले तर साधा घसा समजून उपचार करा आणि डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा चालू करा.

प्रश्न : न्यूमोनियातून उठताना केलेल्या तपासणीत टीएसएच ९ आलं. आयुष्यभराची गोळी लागणार का?

या एका रिपोर्टवरून तरी नाही. मोठ्या आजारात शरीर टी-४ या थायरॉइड संप्रेरकापासून त्याचं प्रभावी रूप टी-३ बनवणं कमी करतं आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक) खाली जातं. बरं होताना ते काही काळ वर उसळतं, कधी २० पर्यंतही. ठणठणीत झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि मग ठरवा.

ज्यांची लेव्होथायरॉक्सिनची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी तीच मात्रा चालू ठेवावी. आजारपणात सुरू झालेली लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा. ही गोळी म्हणजे टी-४च, आणि ते रक्तात अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवस गोळी पोटात टिकली नाही तरी घाबरायचं कारण नाही.

सर्दी-तापानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात, कानापर्यंत चढणारी दुखरी कळ, धडधड आणि कमी टीएसएच असं एकत्र दिसलं, तर ती थायरॉइडची विषाणूनंतरची सूज असू शकते. यात ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत नसते, साठवलेलं बाहेर गळत असतं, म्हणून कार्बिमाझोलचा काहीही उपयोग होत नाही. दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारखं औषध आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देतात. दम्याच्या रुग्णांना प्रोप्रानोलॉल चालत नाही. साठा संपल्यावर टीएसएच वर जातं, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी ते पुन्हा मोजायचं.