मल्टी-स्टेट लायसन्स देवगडात बसून मिळतं का?

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय, रत्नागिरीत खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. एक एजंट म्हणतो अमेरिकेत नर्स कमी आहेत, मल्टी-स्टेट लायसन्स काढून देतो, मग कुठल्याही राज्यात नोकरी. चार लाख भरा आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा. हे तर आंब्याचे आलेले पैसे द्यायला निघालेत. काय करू?
– एक आई, देवगड

उत्तर: ताई, पैसे थांबवा आणि ओरिजिनल तर कोणाच्याच हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

एजंट जे सांगतोय ते अर्धंच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड वेगळं, पण चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केलाय, एका लायसन्सवर या सगळ्या राज्यांत काम चालतं, म्हणून तिथल्या स्टाफिंग एजन्सी नर्सला तेरा-तेरा आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आज इथे उद्या तिथे पाठवू शकतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत, म्हणजे "कुठल्याही राज्यात" हे तिथेच खोटं पडतं. आणि मुख्य अट म्हणजे तुमचं कायमचं राहणं करारातल्याच एखाद्या राज्यात पाहिजे, शिवाय तिथला सोशल सिक्युरिटी नंबर पाहिजे. इकडे कोकणात राहणाऱ्या मुलीला हे कोण आणि कसं काढून देणार?

खरा रस्ता असा आहे की आधी एका राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, कागदपत्रांची तपासणी, मग एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, ती मुंबईतही देता येते. फी २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर बसल्यामुळे वर १५०, बोर्डाची आणि कागद तपासणीची फी वेगळी. पुढे इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारं शिक्षण-लायसन्स तपासणीचं सर्टिफिकेट), आणि ग्रीन कार्डची रांग, जी भारतीयांसाठी कित्येक वर्षांची आहे, हे एजंट लोक कधीच सांगत नाहीत आणि मला त्याचाच राग येतो, कारण पोरी ऐन उमेदीची वर्षं वाट बघण्यात घालवतात.

एजंटला त्याचा नोंदणी नंबर विचारा आणि ईमायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी साइटवर तपासा. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, चार लाख नाही.

तोवर पगार वाढवायचा असेल तर गोवा जवळ आहे, पण आपल्याकडेही गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की नर्सिंग कौन्सिल बदलते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून एनओसी घेऊन गोव्याच्या कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं. २०२३ च्या नव्या नर्सिंग कायद्यात देशभरातल्या नर्सचं एक रजिस्टर ठेवायची तरतूद आहे, तरी आत्ता जायचं तर हे कागद लागतीलच. म्हणून मुलीला सांगा, गोव्यातली ऑफर हातात आली की रत्नागिरीचा राजीनामा देण्याआधी एनओसीचा अर्ज टाक.