गादी आहे, पगार नाही

"मॅडम, सगळं आयतं मिळालंय. तरी सकाळी दुकानाच्या पायऱ्या चढताना पाय जड होतात. मी कृतघ्न आहे का?"

मी समुपदेशन करते आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून येतो. कधी सराफाचा मुलगा असतो, कधी मेडिकलवाल्यांची मुलगी. घरचा चालता धंदा, उद्या तो आपलाच, मग रडायचं कशाला, असं जग म्हणतं आणि हळूहळू माणूस स्वतःही म्हणायला लागतो. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला निखिल म्हणू.

कृष्णाकाठच्या एका शहरात त्यांचं तीन मजली डिपार्टमेंटल स्टोअर आहे. खाली किराणा आणि भांडी, पहिल्या मजल्यावर साड्या आणि बस्त्याची बैठक, त्यावर रेडिमेड आणि शाळेचे गणवेश. आजोबांचं मूळ दुकान नुसतं कापडाचं. साठच्या दशकात ते मुंबईला गेले, फाउंटनजवळचं अकबरअलीजचं मोठं दुकान पाहिलं, एका छपराखाली एवढं सगळं विकता येतं म्हणून थक्क झाले आणि परत येऊन शेजारचा गाळा घेतला. ही कथा निखिलने मला पहिल्याच भेटीत सांगितली. पुढे त्याच्या वडिलांनीही सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत.

निखिल 36 वर्षांचा. पुण्यात शिकून आला, दहा वर्षं दुकानात आहे. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड सगळं बघितलं, काही निघालं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवलं. (अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टरच गाठा. आणि रात्री-अपरात्री बोलायला कुणीच नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416.)

सुरुवातीला चूक माझीच झाली. पहिल्या तीन बैठका मी धरूनच चालले होते की ह्याला दुकानातून सुटायचंय. "तुम्हाला खरं काय व्हायचं होतं?" असं विचारत बसले. तोही भिडस्त, काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून म्हणाला, फोटोग्राफी. मी त्या धाग्याला लटकले. चौथ्या वेळी तो आला तेव्हा मी फोनवर होते. तो खिडकीशी उभा राहिला. नवीन पडद्याची कड त्याने अंगठा आणि बोटात धरून चोळली, उलटी करून विणकाम बघितलं. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "सुती म्हणून दिलाय ना तुम्हाला? मिक्स आहे. कितीला दिला मीटर?" आणि मग दहा मिनिटं तो इचलकरंजीच्या मालाबद्दल, सुरतच्या खरेदीबद्दल, दिवाळीआधी कुठला रंग का उचलला जातो त्याबद्दल बोलत राहिला. चार बैठकांत पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा झाला होता.

दुकानाचा कंटाळा आलेला माणूस पडदे चोळून बघत नाही. मग मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "तुमचा पगार किती?"

तो हसला. पगार नव्हताच. पैसे लागले की गल्ल्यातून घ्यायचे आणि चिठ्ठी टाकायची: निखिल, 2000. रात्री दुकान वाढवलं की हिशेबनीस रोजमेळ लिहिताना त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचणार, वडील मान हलवणार. बायकोचं रूट कॅनॉल झालं त्या दिवशी चिठ्ठी होती: दात, 6500. वडिलांनी एवढंच विचारलं, "दोन दात?" त्यांच्या मनात काही नव्हतं, हे निखिलही मान्य करतो. "पण मॅडम, आमच्या टेम्पोवाल्याला माहीत असतं की सात तारखेला आपल्याला किती मिळणार. मला माहीत नसतं."

दुकानातले सगळे त्याला 'छोटे शेठ' म्हणतात. काउंटरवरच्या मुली रजा मागायला त्याच्याकडे येतात. तो हो म्हणतो, मग त्या खात्री करायला वडिलांकडे जातात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा हजारो वस्तूंचे कोड ह्याने सीएबरोबर रात्री बसून भरले. पण त्याच्या जिव्हारी लागलं होतं ते वेगळंच. तळमजल्याच्या खांबावर 2005 च्या पुराची रेघ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा निखिल म्हणत होता, किराणा आणि भांडी वर हलवू. वडील म्हणाले, रेघेच्या वर पाणी येत नसतं, एवढा माल हलवायला माणसं कुठून आणू? पाणी रेघेच्या वर गेलं. गाळ उपसायला आठवडा लागला. "तेव्हा ते काय म्हणाले?" मी विचारलं. "काहीच नाही. मीही काही बोललो नाही." त्यानंतर इतकी वर्षं दोघं त्या खांबासमोरून रोज ये-जा करत होते.

वडिलांना भेटायला बोलावलं. दुपारी तीनला आले, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं म्हणून. बसता बसताच म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत चेकवर सही करू दिली नाही. मी गेलो का कुठल्या मॅडमकडे?" मी म्हटलं, "नाही गेलात. मग कुठे जायचात?" बराच वेळ ते पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "घाटावर. रोज दुकान वाढवलं की अर्धा तास." त्या दिवशी आणखी फारसं काही झालं नाही आणि मीही ताणलं नाही.

पुढच्या दोन-तीन भेटींत ठरलं ते अगदी साधं. निखिलला पगार, सगळ्यांबरोबर सात तारखेला, बँकेत. रेडिमेडचा मजला वर्षभर पूर्ण त्याचा, ठरलेल्या रकमेपर्यंत खरेदीत कुणी विचारायचं नाही, चुकली तरी. आणि वकील-सीएला घेऊन कागद बघायचे. कायद्यात लुडबुड करणं माझं काम नाही, पण दुकानदारांच्या घरात धडधडीचं मूळ पुष्कळदा कागदात असतं. इथे भागीदार दोघेच, वडील आणि काका. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार दोनच भागीदार असतील आणि एक गेला, तर फर्म तिथेच संपते. दहा वर्षं राबणारा निखिल कागदावर कुणीच नव्हता. पुण्यातल्या बहिणीशीही आत्ताच बोला, असं मी सांगितलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि हे बोलणं कुणाच्या तेराव्याला होण्यापेक्षा चहावर झालेलं बरं.

कुणाला खरोखरच दुकान नको असतं, तेही माझ्याकडे येतात आणि त्यांची वाट वेगळी. कुठल्या वाटेला जायचं ते कळायला मी एकच विचारते: हेच काम दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या दुकानात, पगार घेऊन करायला सांगितलं तर कराल? निखिलने क्षणभरही न थांबता "उद्यापासून" म्हटलं होतं. ज्यांचं उत्तर "छे!" असतं त्यांच्याशी मी मग बाकीचं बोलते.

निखिलची पहिली खरेदी आपटली. मुलांची जाड जॅकेटं आणली, थंडी पडलीच नाही, निम्मा माल पडून राहिला. वडील जिना चढून वर आले, ढीग बघितला आणि काही न बोलता खाली गेले. मला सांगताना निखिल हसत होता, धडधडलं मात्र होतं म्हणाला. चिठ्ठीची सवयही अजून सुटलेली नाही, चहाचे पैसे घेतले तरी हात कागदाकडे जातो.

गेल्या दिवाळीआधी दुकानाला रंग काढला. खांब आला तेव्हा रंगाऱ्याने जुनी रेघ ठेवायची का म्हणून विचारलं. वडील म्हणाले, ती ठेव आणि वर 2019 ची दुसरी मार. किती उंच, असं त्याने विचारल्यावर ते गादीवरूनच म्हणाले, "निखिलला विचार. त्याला माहितीये."